समज देऊन

बाईसाहेबांची हिऱ्याची अंगठी चोरल्याच्या आरोपावरून त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी चार दिवस कोठडीत होत्या. पाचव्या दिवशी अंगठी बाईसाहेबांच्याच कोटाच्या खिशात सापडली.

"माझ्या पक्षकार मोठ्या मनाने तक्रार मागे घेत आहेत," वकिलांनी कोर्टात सांगितलं.

न्यायाधीशांनी बाईसाहेबांना खुर्ची द्यायला लावली आणि त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं तोंडभरून कौतुक केलं. मग आरोपीच्या पिंजऱ्याकडे वळून म्हणाले, "या वेळी समज देऊन सोडतोय. पुन्हा असं करू नकोस."

मावशींनी हात जोडले. सांगितलेलं नीट विचारून घ्यायची त्यांना सवयच होती.

"नाही करणार, साहेब. फक्त काय नाही करायचं, तेवढं सांगा."

न्यायाधीशांनी फाईल पुढून चाळली, मागून चाळली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुढची केस घ्या."