पहिला नंबर

विश्वजीतचं पत्र येऊन पावसाळा सरला, तरी अविनाश सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. तरुणपणी दोघे दुहेरीत जोडीने खेळलेले. विश्वजीत आता पुण्यात एका टेनिस केंद्राचा प्रमुख होता आणि अजूनही शाईच्या पेनाने पत्रं लिहायचा. यंदा एक जागा आहे, त्याने लिहिलं होतं. तुझ्या कॉलेजच्या टीममधल्या मुलींपैकी एक दे. राहणं, शिकणं, खेळणं, सगळं आमच्याकडे. कुठली ते तू ठरव.

सर याबद्दल कुणाशी बोलले नव्हते. पण एका स्पर्धेत विश्वजीतनेच सरांच्या टीममधल्या समृद्धी आणि रुचिराला सांगून टाकलं होतं.

रुचिरा करंजाड्याची. तिचे वडील पैसे भरून तिला दुसऱ्या केंद्रातही पाठवू शकले असते. समृद्धी उरणजवळच्या कोळीवाड्यातली. पनवेलच्या या लहानशा कॉलेजात येईपर्यंत तिने रॅकेट हातात धरली नव्हती. घरी तिला स्थळं बघत होते. पुण्याचं जमलं तर लग्नाचा विषय काढणार नाही, असं वडिलांनी कबूल केलं होतं. नाहीतर ही परीक्षा झाली की बोहल्यावर. हे तिने सरांना सांगितलं, तेव्हा ते रॅकेटची तार चाचपत राहिले.

"शनिवारी तुमच्या दोघींचा सामना लावू," ते शेवटी म्हणाले. "जिंकेल तिचा पहिला नंबर."

शनिवारी प्राचार्या वसुंधरा मॅडम कोर्टाशी येऊन थांबल्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. यंदाही आपली टीम पहिल्या फेरीत हरली, तर कोर्टाच्या जागी पार्किंग होईल, हे त्यांनी सरांना पुन्हा ऐकवलं. सरांनी आपली खुर्ची जाळीशी ओढली. सकाळीच त्यांनी चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. चुना अजून त्यांच्या नखांत होता.

समृद्धीची आजी भीमाबाई बाजारातून थेट आली होती. मासळीची रिकामी पाटी उपडी घालून ती कुंपणाशी बसली.

रेषेवर पंच नव्हते. आपल्या बाजूचा चेंडू ज्याचा त्याने सांगायचा, ही इथली रीत. पहिल्याच गेममध्ये रुचिराचा एक फटका मागच्या रेषेला लागला.

"हाय," समृद्धी म्हणाली.

"हाय म्हणजे काय गं? इन की आऊट?"

"हाय म्हणजे हाय. नाय म्हणजे नाय. तुला पॉइंट मिळाला, घे की गुपचूप."

रुचिरा हसली. त्यानंतर मात्र कुणी हसलं नाही. सहा-सहा अशी बरोबरी झाली आणि टायब्रेक सुरू झाला, आधी सात गुण, तेही दोनच्या फरकाने. रुचिरा पाच-चारने पुढे असताना तिचा उंच चेंडू समृद्धीच्या मागे पडला. रेषेवर की रेषेबाहेर, खुर्चीवरून सरांना कळलं नाही. दोघी थांबल्या.

समृद्धीने मातीवरची खूण पाहिली. नुसतं 'नाय' म्हटलं की चेंडू बाहेरचा ठरणार होता.

"हाय," ती म्हणाली.

भीमाबाईने कपाळावर हात मारला. रुचिराला आता एकच गुण हवा होता. सरांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

रुचिराची सर्व्हिस जाळीत गेली. दुसरीही गेली. पुढचा चेंडू समृद्धीने तिच्या पायांशी टाकला. मग एक लांब रॅली झाली. रुचिरा दमली आणि चेंडू बाहेर गेला. शेवटच्या गुणाला समृद्धी जाळीपर्यंत धावली, चेंडू जेमतेम पलीकडे लोटला आणि तिथेच गुडघ्यांवर बसली.

सरांनी इतका मोठा श्वास सोडला की मॅडमनी वळून पाहिलं.

रुचिरा रडली नाही. तिने समृद्धीला हात देऊन उठवलं आणि तिच्या पाठीवरची माती झटकली.

सर त्यांच्या खोलीत गेले. टेबलाशी बसून त्यांनी चार ओळी लिहिल्या, पाकीट चिकटवलं आणि वर विश्वजीतचा पत्ता घातला. मान वर केली, तर दारात समृद्धी उभी होती. तिच्यामागे भीमाबाई.

"सर, लागला ना माझा नंबर?"

"लागला," सर म्हणाले. "तुझाच पहिला."

"सांगत नव्हते मी, देवमाणूस हाय म्हणून," भीमाबाई नातीला म्हणाली.

सरांनी पाकिटावर तिकीट चिकटवलं. समृद्धीने हात पुढे केला. स्टँडच्या वाटेवर पोस्टाची पेटी आहे, जाताना मीच टाकते, असं ती म्हणाली. सरांची बोटं क्षणभर पाकिटावरून सुटेनात. मग सुटली.

पेटीपाशी भीमाबाईने पाकीट कपाळाला लावलं. समृद्धीने ते आत सोडलं आणि तळाशी पडल्याचा आवाज नीट ऐकला.

आत सरांनी लिहिलं होतं, 'रुचिराला पाठवतो आहे. समृद्धी माझी पहिल्या नंबरची खेळाडू आहे, या मोसमात ती मला इथेच लागेल.'