गिटारची घरघर

"एवढा खटाटोप कशाला? नवीच घेऊ या की!" टॉर्च धरून बसलेला श्रीरंग बायकोला म्हणाला.

"नवी माझ्या हातात बसत नाही रे," वैजयंती म्हणाली. लहानपणी दारात चेंगरून तिच्या डाव्या करंगळीचं टोक गेलं होतं. या स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारची बारीक मान तेवढी तिच्या बोटांना जमायची. पण तिची सतत घरघर चाले आणि गाणं संपेपर्यंत तारा उतरत. तिच्या ऑर्केस्ट्रातले सगळे वैतागले होते.

तिने नव्या खुंट्या बसवल्या, तारांचा आवाज टिपणारे जुने पिकअप काढून नवे सोल्डर केले आणि ॲम्प्लिफायर सुरू केला.

काहीच आवाज नाही. रोजची घरघरसुद्धा नाही.

"गेली! मारली मी हिला." तिचा चेहरा पडला. हताश होऊन तिने तारेवर बोट मारलं, आणि स्वच्छ, खणखणीत सूर घरभर घुमला. दोघंही दचकली. घरघर जुन्या पिकअपची होती. तेवढीच गेली होती!

"अगं, काय बोलतेय ही!" श्रीरंग ओरडला.

तालीम संध्याकाळी होती. तरी वैजयंतीने गिटार पाठीला अडकवली आणि दोघं भरदुपारीच स्कूटरवरून निघाली.