चुकीचे पास

पहिला चुकीचा पास तिने मुद्दाम दिला. डाव्या बाजूला, जिथे आपल्या संघाचं चिटपाखरूही नव्हतं तिथे. तेवढ्यात कुठूनशी धाकटी बहीण धावत आली, तिने चेंडू पायाशी घेतला आणि सुसाट पुढे निघाली. मैदानाबाहेर टाळ्या पडल्या.

देशाच्या संघासाठी निवडीचा सामना होता आणि थोरलीला आज निवडलं जायचं नव्हतं. वर्षानुवर्षं ती त्या संघाची मिडफिल्डर होती. परदेशात जिंकून आली होती, तिचे फोटो भिंतीवर मावत नव्हते. पण गुडघा दोनदा फाडून शिवून झाला होता. सामन्याआधी सुई टोचून घ्यायची, मग खेळ संपेपर्यंत तो पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा निमूट चालायचा. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "आणखी एक हंगाम खेळलात, तर पुढे काठी घ्या." घरी तिने हे सांगितलं नव्हतं. घरात ती दात आवळून सरळ चालायची आणि न्हाणीघराचं दार लावून मग लंगडायची.

सांगणार तरी कुणाला? बाबांनी तिला खेळ शिकवायला चांगली नोकरी सोडली होती. सगळं घर तिच्या एका पायावर उभं होतं आणि नेमका तोच पाय गेला होता. 'नको' म्हणायचं तर बाबांच्या तोंडाकडे बघून म्हणावं लागणार. त्यापेक्षा निवड समितीनेच वगळलं तर बरं. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

शिवाय धाकटीचं भलं होणार होतं. धाकटी त्याच जागेवर खेळायची आणि कायम राखीव असायची. बाबा कुंपणापाशी गळ्यात शिट्टी अडकवून उभे असत. एक शिट्टी म्हणजे थोरलीला हाक, दोन म्हणजे धाकटीला, हा लहानपणापासूनचा नियम. अलीकडे दोन शिट्ट्या क्वचितच वाजायच्या. बिचारी मागेच राहिली, असं थोरलीला मनापासून वाईट वाटायचं.

आज मात्र दोघी एकाच बाजूने खेळत होत्या. थोरलीने दुसरा पास उजवीकडे, नको तितका लांब मारला. धाकटी तिथे हजर. तिसरा तर सरळ समोरच्या संघाच्या पायात दिला. धाकटीने मध्येच पाय घातला आणि त्यातूनच गोल झाला. करायला गेले काय आणि वरती झाले पाय! सामना संपेपर्यंत तिच्या चुकांना सगळे दूरदृष्टी म्हणू लागले होते.

प्रशिक्षक मॅडम कपडे बदलायच्या खोलीच्या दारातूनच ओरडल्या, "कॅप्टन तूच! आणि धाकटे, तूसुद्धा संघात. काय धावलीस गं!" आणि आल्या तशा निघून गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या. थोरली गुडघ्यावर बर्फ धरून बाकावर बसली होती आणि तिला रडू आवरत नव्हतं. धाकटी जमिनीवर बसली होती. तिने एकच बूट काढला होता, दुसरा तसाच पायात होता.

"ताई, आज तुझे सगळे पास चुकीचे होते."

"कळलं तुला?"

"जन्मभर तुझेच पास घेतेय. पहिल्यालाच कळलं."

"मग वेड्यासारखी धावलीस कशाला? माझी जागा तुलाच मिळाली असती ना!"

"म्हणूनच धावले," धाकटी म्हणाली. "तू सुटलीस की बाबा माझ्याकडे वळणार. मला खेळायला आवडतं गं ताई, पण मला तू नाही व्हायचं. न्हाणीघराच्या दाराला फट आहे. मी बघते रोज."

थोरलीला आधी संताप आला. मग तो कुणावर काढायचा ते कळेना. धाकटीने घसरलेली बर्फाची पिशवी सवयीने नीट केली, आणि थोरलीचा राग जिथल्या तिथे विरघळला.

बाहेर शिट्टी वाजली. एक. थोरलीचा पाय आपसूक जमिनीला टेकला. मग थोडं थांबून पुन्हा वाजली. एक, दोन.

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. तिचं धावणं आज बाबांनीही पाहिलं होतं. ती तशीच, एका बुटावर, उभी राहिली.

थोरलीने तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं. सुईचा अंमल उतरत चालला होता, पाय ठणकू लागला होता.

"तू बस. दोन्ही शिट्ट्यांना आज मीच जाते."

आणि जन्मात पहिल्यांदा ती बाबांसमोर लंगडत गेली.