सातकामी

दुसरा खिळा उपटताना फ्रेमवाल्याला पुठ्ठ्यावरचा पेन्सिलीचा आकडा दिसला. आकडा त्याच्याच हातचा होता. फ्रेम कुठली, तेही त्याला लगेच आठवलं.

टेबलापलीकडे स्टुलावर बसलेली मुलगी त्याच्या हातांकडे टक लावून बघत होती. पंचविशीची असेल. दुकानात शिरल्यापासून तिनं एकच गोष्ट तीनदा बजावली होती, आता चौथ्यांदा बजावली.

“काका, नवी फ्रेम मोठी हवी. उजवी कड जराही झाकायची नाही. तिथं माझ्या आईचा हात आहे.”

फोटोत ती स्वतः होती, दीड वर्षाची. स्टुलावर उभी, एक हात बाजूला लांबवलेला आणि तो फ्रेमच्या कडेशी संपलेला. पोर फुग्याबिग्याकडे झेपावतेय, असंच घरात सगळे समजत आले. तिची आई ती दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. आईचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की बाजूला सरायची म्हणे. गेल्या महिन्यात वडीलही गेले. जायच्या आधी ते म्हणाले होते, अगं, तू पडशील म्हणून आईनं तुला धरलं होतं. तिचा हात फ्रेमखाली दबला असेल, उघडून बघ एकदा.

फ्रेमवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं हं हं केलं. हातातलं सातकामी मात्र थांबलं होतं. हे नाव त्याच्या बायकोनं ठेवलेलं. वीतभर लांबीचं ते पोलादी हत्यार खिळे उपटायचं, खिळे दाबायचं, पुठ्ठा धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या जिभा वाकवायचं, हुक पिळायचं, काचेवरचा डिंक खरवडायचं, चिकटलेला कागद सोडवायचं आणि वेळप्रसंगी चहाच्या डब्याचं झाकणही उघडायचं. आमच्या घरात अंग मोडून काम करणारं ते एकटंच, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. फ्रेमवाला हसून सोडून द्यायचा.

हात फ्रेमखाली दबलेला नव्हता. तो फोटोतच उरला नव्हता. फ्रेमच्या पट्टीचं माप फोटो बसतो त्या आतल्या खाचेतून घ्यायचं असतं, हे नवशिक्यालाही कळतं. हा फोटो पहिल्यांदा फ्रेमला आला त्या दिवशी त्यानं ते बाहेरून घेतलं आणि फ्रेम अंगठाभर आखूड भरली. त्या नक्षीची पट्टी दुकानात संपली होती. मुलीचे वडील तासाभरात येणार होते. फोटोच्या कडेला कुणाचा तरी नुसता हात होता, ना अंग ना चेहरा. असला बेवारशी हात गेला तर फोटो उलट बरा दिसेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि कड कापून टाकली. वडील कागदात गुंडाळलेली फ्रेम काखेत मारून, आभार मानून निघून गेले. त्या आभारांची त्याला आजही लाज वाटत होती.

शेवटचा खिळा निघाला. त्यानं पुठ्ठा उचलला. ओल लागून फोटोची नेमकी तीच कड काचेला घट्ट चिकटली होती.

“चिकटलाय?” मुलगी पुढं वाकली.

“हो. कड फाटेल कदाचित.”

हे बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. बोलून गेल्यावर त्याला कळलं की काम किती सोपं आहे. सातकामीचं पातळ टोक आत सारायचं, मनगट जरासं फिरवायचं. कडेच्या चिंध्या होतील आणि त्याचं बिंग कायमचं गाडलं जाईल. हात ओलीनं खाल्ला म्हणून ती रडेल आणि घरी जाईल.

“फाटली तर फाटली. तुमचा काय दोष, काका? तुम्ही मुद्दाम थोडंच करणार आहात.”

त्यानं पातळ टोक कागदाखाली सारलं. कागद किंचित करकरला. मनगट फिरवायचं तेवढं बाकी होतं. ते काही फिरेना. त्यानं सातकामी बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“ताई, हात इथं नाहीच,” तो म्हणाला. “मी कापला. माप चुकलं होतं माझं, ते झाकायला कापला.”

ती उठून उभी राहिली. आता ही फ्रेम उचलून चालती होईल, नाहीतर नको नको ते बोलेल, असं त्याला वाटलं. बोलली असती तर त्यानं मान खाली घालून ऐकलं असतं. पण तिनं एवढंच विचारलं,

“आणि कापलेला तुकडा?”

“संध्याकाळपर्यंत इथं, माझ्यासमोर पडून होता. टाकवत नव्हता. सारखी नजर जायची. शेवटी झाडताना गेला.”

“म्हणजे तुम्ही नीट बघितलाय.”

“बघितलाय. अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.”

तिनं स्टूल उचललं, टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी आणून ठेवलं आणि बसली. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेसुद्धा नाहीत.

“मग सांगा ना काका, कसा होता? तो हात आठवणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.”