उत्तरदाती क्रमांक सात

“ताई, तुमचा अर्ज नामंजूर झालाय,” अभ्यासकेंद्राच्या खिडकीतून तिथल्या कारकून काव्यानं सांगितलं आणि कागद पुढं सरकवला.

मायाक्कानं तो उभ्याउभ्याच वाचला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा सोलापूरऐवजी कोल्हापूरच्या केंद्रावर देऊ द्या, एवढंच तिनं मागितलं होतं. दिवाळी झाली की तिच्या घरची मेंढरं तिकडं जातात ती पावसाळ्याच्या तोंडावरच परततात, आणि मेंढरं जिथं तिथं ती. मे महिन्यात सहा पेपरांसाठी सहा वेळा सोलापूर गाठायचं कसं? त्यात तिच्या नोंदणीची मुदत यंदा संपत होती. परीक्षा हुकली की पुन्हा पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा.

नकाराचं कारण एका ओळीत उरकलं होतं. ‘प्रकाशित संशोधनानुसार मेंढपाळ विद्यार्थिनी स्थायिक असल्याने केंद्रबदलाची आवश्यकता दिसत नाही.’

“कसलं संशोधन?”

काव्या घुटमळली. मग तिनं कपाटातून गुळगुळीत मुखपृष्ठाचं एक त्रैमासिक काढून दिलं. “सरांचा पेपर आलाय ह्यात. पान एकेचाळीस.”

सर म्हणजे केंद्राचे संयोजक, डॉ. महेश्वर. पेपरचं नाव, ‘दूरशिक्षणातील मेंढपाळ विद्यार्थिनींची गळती : एक चिकित्सक अभ्यास’. गेल्या वर्षी मायाक्काची परीक्षा हुकली तेव्हा सरांनी फोनवरून तिला दहा मिनिटं प्रश्न विचारले होते. आपलं कुणीतरी ऐकून घेतंय, लिहून घेतंय, ह्याचं तिला तेव्हा कोण कौतुक! भर उन्हात बांधावर उभी राहून तिनं मन लावून उत्तरं दिली होती. त्या उत्तरांचं काय झालं ते आता तिच्या हातात होतं.

‘उत्तरदाती क्र. ७ हिने परीक्षेच्या काळात आपण वाड्यावर होतो, असे सांगितले. यावरून कुटुंबाचा स्वतःचा वाडा असून ते स्थायिक व सुस्थितीत असल्याचे स्पष्ट होते. सबब, गळतीचे कारण भटकंती नसून अभ्यासाविषयीची अनास्था होय.’

धनगरांचा वाडा म्हणजे चार-पाच घरांची एकत्र केलेली मेंढरं, घोड्यांवर लादलेला संसार आणि राखणीची कुत्री. आज ह्या रानात, परवा त्या रानात. भिंत म्हणाल तर मेंढरांभोवती लावलेली जाळी, छप्पर म्हणाल तर ताडपत्री. मंगळवेढ्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, आणि दहा मिनिटांत त्याला ते विचारावंसंही वाटलं नव्हतं.

ती न विचारताच सरांच्या खोलीत शिरली आणि त्रैमासिक उघडून टेबलावर ठेवलं.

“सर, वाडा म्हंजे बंगला न्हाय. आमच्या मेंढरांचा तळ त्यो. आज हितं, उद्या तितं. तुमी हे काय लिवलंय?”

सरांनी पान पाहिलं, चष्मा सारखा केला. “बसा, मायाक्का. पेपर आता छापून झालाय. दोन तज्ज्ञांनी तपासलाय तो.”

“त्या तज्ज्ञांनी मेंढरू बगितलंय का कधी?”

“असं चिडून चालत नाही. चूक आहे असं वाटत असेल तर संपादकांना रीतसर पत्र लिहा. पण नुसतं तुमचं म्हणणं उपयोगाचं नाही, संदर्भ द्यावा लागेल. वाड्याचा हा अर्थ कुठं छापून आलाय?”

“मी सांगतीय की!”

“तुम्ही उत्तरदाती आहात. उत्तरदाती हा संदर्भ होत नाही.”

म्हणजे बाई जगते ते खोटं, आणि तिच्या नावावर दुसऱ्यानं छापलं ते खरं! मेंढरांमागं चालता चालता तिनं तीन वर्षं पुस्तकं वाचली होती. पावसात भिजलेली पानं चुलीपुढं धरून वाळवली होती. आणि ह्या गृहस्थानं खुर्चीत बसून तिला अनास्था चिकटवली होती.

“आनि माजी परीक्षा?”

“समितीनं ह्याच पेपरचा आधार घेतलाय. माझा नाइलाज आहे.”

“समितीत कोण कोण हाय?”

“दोघं जण आहेत,” सर म्हणाले. “आणि मी.”

मायाक्कानं मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्या उघड्या पानावर ठेवला. पलीकडून आधी मेंढरांचा कालवा आला, मग कुत्र्याचं भुंकणं.

“काय गं?” तिचा नवरा बिरुदेव. त्या गलक्यात त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं.

“वाडा कुटं हाय?”

“कुटला वाडा घिऊन बसलीस! ऊसवाल्यानं सकाळीच उठीवलं. काल बसा म्हणला, आज म्हणतोय निगा. ओढ्याच्या पल्याड जागा बगतूय.”

सर खुर्चीत अवघडून बसले होते. काव्या दारात येऊन उभी राहिली होती.

“हितं सायब हायत,” मायाक्का फोनकडं बघत म्हणाली. “त्येंच्याशी बोला जरा.”

तिकडं क्षणभर नुसती मेंढरंच ओरडत राहिली. मग बिरुदेवचा आवाज आला तो एकदम खाली उतरलेला, अजिजीचा.

“सायब, रागावू नका. लई येळ न्हाय लागणार. बोजा बांदतूयच बगा, हितनं बी उटतो आमी.”