सॉक्रेटिस असं म्हणाला नव्हता

"हे सॉक्रेटिसचं नाही," पांडेलिस म्हणाले.

"माहितीये, बाबा." आर्गिरोने बाही वर सारून मनगट टेबलावर ठेवलं. "तुम्ही फक्त हे वाक्य जुन्या ग्रीकमध्ये करून द्या. दुपारी टॅटूवाल्याकडे जायचंय. आईची आठवण म्हणून."

बापलेक नुकतेच ओकलीच्या चर्चमधून परतले होते. आर्गिरोची आई एव्हान्थिया जाऊन चाळीस दिवस झाले म्हणून तिथे प्रार्थना होती. प्रसाद म्हणून मिळालेली, साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांची पुडी कुणीच उघडली नव्हती.

पांडेलिसनी जन्मभर मेलबर्नमध्ये जुनी ग्रीक शिकवली. निवृत्त झाल्यावर त्यांचा दरारा उलट वाढला. शहरातली तरुण मुलं फोनवर सापडलेली वचनं घेऊन त्यांच्याकडे येत. गोंदवून घ्यायच्या आधी त्यांना मूळ ग्रीक शब्द हवे असत. "मूळ नाहीच," पांडेलिस सांगत. "कुणीतरी परवा बनवलंय आणि बिचाऱ्या सॉक्रेटिसच्या गळ्यात मारलंय." एक जण तर पाठभर गोंदवून मग विचारायला आला. त्यालाही त्यांनी सोडलं नाही.

एव्हान्थियालाही नाही. ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. संध्याकाळी जेवताना ती मधूनच म्हणायची, "सॉक्रेटिसने म्हटलंय बरं का..." आणि एखादं वाक्य सांगायची. पांडेलिस तिथल्या तिथे तिला खोडून काढत. पाहुणे असले तर हसत. तीही हसायची आणि पाव आणायला आत जायची. शेवटची काही वर्षं तिने सॉक्रेटिसचं नाव काढलं नव्हतं. फारसं काहीच बोलली नव्हती.

"मी शोधलं गं," पांडेलिस हळूच म्हणाले. "ती गेल्यावर तू हे वाक्य सांगितलंस, तेव्हापासून तेच करतोय. होती नव्हती ती सगळी पुस्तकं काढली. वाटलं, एकदा तरी ती बरोबर निघावी. कुठेच नाही. तिने वाचलं तरी कुठे हे?"



"आई कधी वाचायची, बाबा? तिचंच होतं ते. सगळी वाक्यं तिचीच होती. मशीनपाशी उभी असताना जुळवायची. मला शाळेत सोडताना आधी म्हणून दाखवायची."

"मग सॉक्रेटिसचं नाव कशाला?"

"माझं म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं? त्याचं नाव घेतलं की तेवढ्यापुरतं तरी तुम्ही तिच्याकडे बघायचात."

 बाहेर शेजारचा माणूस गवत कापत होता.  पांडेलिसनी कागद पुढे ओढला.

"बाकीची कोणती होती?" त्यांनी विचारलं.

"मला नाही आठवत. मी लहान होते." आर्गिरो म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हाला आठवत असतील."

त्यांना बाकीचं एकही आठवत नव्हतं. प्रत्येक वेळी आपण काय उत्तर दिलं, ते मात्र शब्दन् शब्द आठवत होतं.

ते लिहू लागले. अक्षरं नेहमीसारखी वळणदार येईनात. दोनदा खोडलं. या एका वाक्यात तरी चूक राहायला नको होती. शेवटी त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि लिहिलेल्याचा अर्थ लावत सावकाश वाचून दाखवलं.

"ज्याला कुणी हाक मारत नाही, तो आपल्याच घरात परका असतो."

 त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "घे. व्याकरण बिनचूक आहे."

आर्गिरोने कागद घेतला नाही.

"'तो' नाही, बाबा," ती म्हणाली. "आई कायम 'ती' म्हणायची. दर वेळी तुम्हीच सुधारून 'तो' करायचात."