शिकवणीची गाडी

गाडी चढावर पुन्हा बंद पडली.

“क्लच! किती वेळा सांगायचं?” शेजारच्या सीटवरून शिकवणाऱ्या बाई कडाडल्या. स्टिअरिंगमागे बसलेली बेकरीवाली चपापली. पावाच्या ऑर्डरी स्वतः पोचवता याव्यात म्हणून ती उतारवयात गाडी शिकायला आली होती. तिने किल्ली फिरवली.

आठवडाभर हेच चाललं होतं. एकट्या बेकरीवालीचीच नव्हे, सगळ्याच शिकाऊ मंडळींची गाडी बंद पडत होती. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेल्या बाईंना आता शिकवताच येईनासं झालं होतं. नवरा म्हणाला, “पुरे झाली दगदग. गाडी विकून टाक आणि आराम कर.” आज सकाळी बाईंनी होकार देऊन टाकला. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

बिनसलंय कुठे, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. छातीतली गाठ कॅन्सरची आहे असं कळलं, त्या दिवशीही त्या दुपारचा क्लास घेऊनच घरी गेल्या होत्या. ऑपरेशनात एक स्तन गेला. औषधांनी केस गेले, तोंडाची चव गेली. पण रडायला सवड कुणाला होती? उद्या इंजेक्शन, परवा तपासणी. डॉक्टर सांगतील तिकडे वळायचं, सांगतील तिथे थांबायचं. बाईंनी सगळं मुकाट्याने केलं.

आणि मागच्या आठवड्यात डॉक्टर हसून म्हणाले, “रिपोर्ट स्वच्छ आहे. आता सहा महिन्यांनी या. मजेत राहा.”

मजेत म्हणजे नक्की कसं, ते विचारायचं राहूनच गेलं. नवऱ्याने केक आणला. नणंदेने फोनवरून अख्ख्या खानदानाला बातमी दिली. बाई मात्र बाथरूममध्ये नळ सोडून ढसाढसा रडल्या. का, ते देवालाच ठाऊक. आजारात वाटली नव्हती इतकी धास्ती आता बरं झाल्यावर वाटत होती. नणंद म्हणाली, “वहिनी, आता तर सुटलीस ना? मग तोंड का पाडून बसलीस?” आनंद झालाय की भीती वाटतेय, एवढंही बाईंना धड सांगता येईना.

सीटबेल्ट नेमका टाक्यांच्या जागेवरून जायचा. तिथे आता त्याला अडायला काही नव्हतं. बाई तो सारखा अंगठ्याने उचलून धरायच्या. घरी गेल्यावर एक पोटरी ठणकायची. हाही औषधांचाच परिणाम, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

“चला, पहिला गिअर.”

गाडी हलली. वळणावर समोरून ट्रक येताना दिसला, तोही चांगला लांब, त्याच्या बाजूने येणारा. गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

“अहो, झोपलात की काय?”

बेकरीवालीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. “बाई, रागावू नका. आठवडाभर सांगेन सांगेन म्हणतेय, पण धीर होत नव्हता. माझ्या बाजूचा ब्रेक आपोआप खाली जातो, म्हणून गाडी बंद पडते. तुम्ही दाबताय तो.”

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही, चालवणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला एक ब्रेक असतो. शिकणारा कुठे आपटायलाच निघाला तर असावा म्हणून. आपल्याला त्याला पाय लावायची वेळच येत नाही, अशी बाई पूर्वी फुशारकी मारायच्या. त्यांनी खाली पाहिलं. पाय त्या ब्रेकवर होता. पोटरी दगडासारखी ताठ होती, आणि पाय काही केल्या उचलवत नव्हता.

अखेर त्यांनी तो हाताने धरून उचलला आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

“चालवा.”

गाडी कुरकुरत निघाली. वळण गेलं, चढ संपला, पुढचा मोकळा रस्ता दिसला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अगं बाई! काय झालं? थांबवू का?” बेकरीवाली घाबरून म्हणाली.

“खबरदार थांबवलीत तर!”